खुंटाला काय म्हणतात

त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात आठ दिवस गरम वारा सुटला आणि नर्सरीतल्या नव्या कलमांनी माना टाकल्या. तात्या, त्यांची थोरली मुलगी, धाकटा मुलगा आणि सून, चौघंही उजाडायच्या आत झाऱ्या घेऊन वाफ्यांत उतरायचे. आई पोती भिजवून ओळींवर पांघरायची. तासाभरात पोती वाळून पत्र्यासारखी व्हायची, की पुन्हा भिजवायची. नवव्या दिवशी वारा पडला. दहाव्या दिवशी बाहेरदेशची खरेदीवाली बाई कलमं बघायला आली.

बाईच्या कंपनीला नव्या बागेसाठी कलमं हवी होती. तिला इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती आणि गावात इंग्रजी येणारा माणूस एकच, मास्तर. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. तात्यांनी आदल्या दिवशी निरोप धाडला होता. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून वेळेआधी हजर झाले.

बाईने एक पिशवी उचलली, खोडाच्या जोडाखाली बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं.

"हे कसलं आहे, म्हणतात," मास्तर म्हणाले.

तात्यांना तेवढंच पुरे होतं. मुळांकडचा खालचा खुंट रानातल्या बियांचा, ते बी त्यांच्या वडिलांनी कुठून शोधून आणलं, पाणी नसलं तरी हा खुंट कसा तग धरतो, गेल्या आठ दिवसांत त्याने काय सोसलं, वर चांगल्या झाडाचा डोळा कधी भरला, पट्टी कधी सोडली. बोलता बोलता तात्या उकिडवे बसले, उठले, पुन्हा बसले. पाव तासाने थांबले आणि त्यांनी कपाळ पुसलं. मग मास्तर बाईकडे वळले आणि दोन वाक्यं बोलले.

बाईने पुन्हा तिथेच बोट ठेवून पुन्हा तेच विचारलं. मास्तर पुन्हा एक वाक्य बोलले. बाईने वहीत काही लिहिलं, तात्यांचा मातीचा हात हातात घेतला आणि गाडीत बसून निघून गेली.

ऑर्डर आली नाही. ती मिळाली ओढ्यापलीकडच्या नर्सरीला. ती नर्सरी मास्तरांच्या पुतण्याची.

"पाव तासाचं बोलणं दोन वाक्यांत कसं मावलं?" धाकटा जेवताना म्हणाला. घास सगळ्यांचाच थांबला.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी, थोरली बरोबर असताना, मास्तरांना रस्त्यात गाठलं. "काय सांगितलंत तिला?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जे सांगायचं ते सांगितलं."

"पुतण्याचं भलं झालं म्हणायचं."

मास्तर काहीच बोलले नाहीत. तात्यांनी ते गप्प राहणं मनात धरलं आणि मास्तरांशी बोलणं टाकलं. बाजाराचा सरळ रस्ता मास्तरांच्या दारावरून जायचा. तात्या तो सोडून ओढ्याच्या कडेने लांबून जाऊ लागले.

बाई आली त्या दिवशी थोरली तीन हातांवर बसून खुंट तासत होती. सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं. बाईने बोट ठेवलं त्यावरचा जोड तिच्या हातचा होता. घरात बोलायचं काम तात्यांचं, विकायचं धाकट्याचं, हिचं काम चाकूचं. तेहेतीस वर्षांची होती. लग्न होऊन पाच वर्षं सासरी राहिली आणि एका सकाळी पेटी घेऊन परत आली. का आलीस, असं कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. आल्या दिवशी दुपारीच ती कलमांचे डोळे भरायला बसली होती.

पावसाळा संपताना नर्सरीवाल्यांच्या संघाच्या फळ्यावर एक कागद लागला. निवडलेल्या एका माणसाला सहा महिने बाहेरदेशी पाठवणार होते. सकाळी इंग्रजीची शाळा, दुपारी तिथल्या नर्सरीत काम. वयाची अट पस्तिशीच्या आत. थोरलीने तो कागद दोनदा वाचला आणि तिथल्या कारकुनाकडून अर्ज भरून घेतला. घरी मात्र निवड झाल्यावरच सांगितलं. तेव्हा सगळे पिशव्यांत माती भरत होते.

"या वयात शाळा?" आई म्हणाली.

"तूच का?" धाकटा म्हणाला. "मीही जाऊ शकलो असतो."

"अर्ज तीन आठवडे फळ्याखालीच ठेवलेले होते."

धाकट्याने थोडा विचार केला. "नको बाबा. पुन्हा बाकावर बसायचं म्हणजे."

"पण इथे कलमं कोण भरणार?" आईने विचारलं.

"मी भरेन," सून म्हणाली. "ताईंनी शिकवलंय मला. दहातली सात लागतात माझी."

"सहा," थोरली म्हणाली.

"सहा तर सहा."

तात्या खाली मान घालून माती भरत होते. "जाऊन करशील काय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बोलाल तेव्हा मला ते सांगता येईल."

तात्यांनी आणखी दोन पिशव्या भरल्या, बुडाशी ठोकून बसवल्या. "चाकू बरोबर ने," ते म्हणाले. "तिकडचे कसे असतात कुणास ठाऊक."

*

तिकडे तिची सोय एका म्हाताऱ्या बाईच्या घरी केली होती. बाईने उभा जन्म बस चालवली होती आणि आता एकटी राहत होती. तिने थोरलीला माळ्यावरची खोली दाखवली. उतरतं छप्पर, एक खाट, खिडकीखाली टेबल. मग तिच्या हातावर किल्ली ठेवली. थोरलीला वाटलं, घराची असेल. ती त्या खोलीची होती.

पहिले काही दिवस ती कुठल्याही प्रश्नाला 'येस' म्हणत राहिली. थंडी वाजतेय का, येस. पांघरूण पुरतंय ना, येस. दोन्हीला 'येस' ऐकून म्हातारी बुचकळ्यात पडून जिना उतरायची. आठवडाभर थोरली अंगातले कपडे न काढता झोपली. मग म्हातारी एक दिवस न विचारताच रजई घेऊन आली. पण खोलीचं दार उघडं असूनही तिने आधी ठोठावलं आणि आतून हाक येईपर्यंत उभी राहिली. थोरलीला वाटलं, काही बिघडलंय. आपल्या दारावर कुणी थांबतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

शाळेत आठ जण होते. त्यांत एक पाव भाजणारा, एक बोटीवरचा खलाशी, दोघी बहिणी परिचारिका. शिकवणारा उंच होता आणि फळा पुसायला स्वतःची बाहीच वापरायचा. थोरली मागे बसायची. आपला नंबर येणार असं दिसलं की तिच्या तळहाताला घाम फुटायचा, आणि नंबर आला की तिला आलेलंही आठवेनासं व्हायचं. परिचारिका बहिणींपैकी धाकटी तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होती. ती हळूच कानात उत्तर सांगायची. त्याचीच जास्त लाज वाटायची.

नर्सरीतलं काम आठवड्यानंतर सुरू झालं. पहिल्या दिवशी मुकादमाने तिला एक प्रश्न विचारला. शब्द एकच होता, तो तिला कळला नाही. शाळेत त्याच सकाळी तिने ठरवलं होतं, कळलं नाही तर 'येस' म्हणायचं नाही. म्हणून ती 'नो' म्हणाली. मुकादमाने मान हलवली आणि तिला कुंड्या धुवायला नेलं.

तीन आठवडे तिने कुंड्या धुतल्या. गार पाण्याचा हौद, तारेचा ब्रश, एकात एक घातलेल्या कुंड्यांचे उभे खांब. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. पलीकडच्या काचेच्या खोलीत सहा माणसं बाकांवर बसून काहीतरी करत, पण काचेवर वाफ असायची.

चौथ्या आठवड्यात ती स्वच्छ कुंड्या घेऊन त्या खोलीत गेली. आत कलमं बांधणं चाललं होतं. दाराशी बसलेल्या माणसाने काडी तासली, खुंटात बसवली, पट्टी गुंडाळली. काडी एका अंगाला घसरलेली होती. साल सालीला भिडलेली नव्हती. हे लागणार नाही, असं थोरलीला लांबूनच दिसलं. तिने कुंड्या खाली ठेवल्या, खिशातून घरून आणलेला चाकू काढला, ओला हात अंगावर पुसला, त्याच्या हातातली काडी घेतली आणि एका ओढीत तासली. दुसरी ओढ उलट बाजूने. काडी खुंटात बसली ती चपखल. दाराशी बसलेल्या माणसाने मुकादमाला हाक मारली. मुकादम आला, त्याने जोडावर नख फिरवून पाहिलं. मग तो बरंच बोलला. त्यातलं तिला एवढंच समजलं, की तो म्हणतोय, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

त्याने तो पहिल्या दिवशीचा शब्द पुन्हा उच्चारला. ग्राफ्टिंग. खुंटाला बोट लावून दुसरा शब्द सांगितला. रूटस्टॉक. थोरलीने दोन्ही आपल्या अक्षरांत मनगटावर लिहून घेतले. त्या दिवसापासून ती बाकावर बसू लागली आणि कुंड्या सगळेजण पाळीपाळीने धुऊ लागले.

बाकावर हात चालू असताना बोलणं सोपं जातं, हे तिला तिथे कळलं. समोर कुणी बघत नसतं. चुकलं तरी चाकू थांबत नाही. दिवसाला चार-पाच शब्द मनगटावर चढू लागले. एका रविवारी ती आणि म्हातारी स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसल्या होत्या. थोरलीने बरेच दिवस मनात असलेलं मोडकंतोडकं विचारलं, "तुम्ही एकट्या. वाईट नाही वाटत?"

"कधी कधी वाटतं," म्हातारी म्हणाली. "तुझ्या घरी किती माणसं?"

"पाच."

"आणि तुझी खोली?"

"माझी अशी नाही."

"वाईट नाही वाटत?"

थोरलीने सालं गोळा केली. वाटतं की नाही, हे तिने कधी स्वतःला विचारलं नव्हतं. "कधी कधी," ती म्हणाली. म्हातारी हसली, मग तीही हसली. आणि मग, कुणी न विचारता, थोरलीने सासर का सोडलं ते सांगितलं. तिच्याकडे शब्द थोडे होते, त्यामुळे आडवळणं घेता येत नव्हती. सहा-सात वाक्यांत सगळं संपलं. म्हातारीने 'अरेरे' केलं नाही. "बरं केलंस," म्हणाली आणि पातेल्यात पाणी ओतलं.

चौथ्या महिन्यात शाळेत प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं होतं. थोरली दोन काड्या आणि पट्टी घेऊन पुढे उभी राहिली. हात कामाला लागले तसं तोंडही लागलं. पाव भाजणाऱ्याने प्रश्न विचारला, "वर दुसऱ्याचीच फळं लागतात. खालच्या झाडाला राग येत नाही?"

ती बराच वेळ शब्द शोधत राहिली. "खालचं झाड," ती म्हणाली, "कामात असतं."

वर्ग हसला. शिकवणाऱ्याने ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि तास संपेपर्यंत बाहीने पुसलं नाही.

त्याच सुमारास तिच्या देशातलं, तिचीच भाषा बोलणारं एक नवरा-बायकोचं जोडपं नर्सरीत कामाला आलं. दोघांनाही इंग्रजीचा गंध नव्हता. आठवड्याभरातच बायकोचं पोट दुखू लागलं. मुकादमाने थोरलीला दोघांबरोबर दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरने कुठे दुखतं विचारलं आणि ती बायको भडाभडा सांगू लागली. सकाळी नुसतं ढवळतं, दुपारी कळ येते ती पिळवटून काढते, मग ओसरते, पाठीत भरून येतं, जेवलं की बरं वाटतं पण तेही तासभरच. थोरलीच्या आत एकेक शब्द येऊन आदळत होता. ढवळणं. कळ. पिळवटणं. ओसरणं. यातला एकही तिच्या मनगटावर कधी चढला नव्हता. डॉक्टर तिच्याकडे बघत होता. ती म्हणाली, "पोट दुखतं. दुपारी फार दुखतं."

डॉक्टरने चिठ्ठी लिहिली. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "ती एवढं बोलली. तुम्ही एवढंच सांगितलंत?"

"जे सांगायचं ते सांगितलं," थोरली म्हणाली.

हे वाक्य तोंडातून गेलं आणि तिचे पाय रस्त्यातच थांबले. मास्तरांचा चष्मा पुसणारा हात तिला जसाच्या तसा दिसला. जोडपं पुढे गेलं. ती तशीच घरी आली आणि म्हातारीसमोर पोट धरून उभी राहिली. वाकून, हात पिळून, पुन्हा सरळ होऊन तिने कळ कशी येते आणि कशी ओसरते ते करून दाखवलं. म्हातारी आधी घाबरली, मग समजली, आणि तिने एकेक शब्द कागदावर लिहून दिला. दुसऱ्या दिवशी थोरली त्या दोघांना घेऊन परत दवाखान्यात गेली. "काल मला शब्द आले नाहीत," तिने आधी त्या बायकोला सांगितलं, मग डॉक्टरला. आणि कागद बघत बघत सगळं पुन्हा सांगितलं. डॉक्टरने कालची चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली.

*

घरी परतल्याच्या दुसऱ्या दिवशी ती मास्तरांकडे गेली. ते पायरीवर वर्तमानपत्र वाचत होते. वर्षभरात खांदे आणखी उतरले होते.

"आलीस," ते म्हणाले. तिला बसायला जागा करून दिली, पण नजर पानावरच ठेवली.

"मास्तर, त्या दिवशी बाईने काय विचारलं होतं?"

मास्तरांनी पान उलटलं, त्यावर काही वाचलं नाही. "एक शब्द होता. मी तो जन्मात ऐकलेला नव्हता. तीस वर्षं शिकवलं मी. पुस्तकात रजेचा अर्ज होता. स्टेशनवरचा संवाद होता. झाडाला झाड जोडतात, हे कुठल्याच धड्यात नव्हतं. तुझे वडील पाव तास बोलले, मला त्यातली एक ओळ सांगता येईना. झाड चांगलं आहे म्हणालो. मालक मेहनती आहे म्हणालो. तिने परत विचारलं, मी परत म्हणालो, झाड चांगलं आहे."

"आणि पुतण्याकडे?"

"त्याने शहरातून दुभाष्या आणला होता. मला सांगितलंसुद्धा नाही."

"मग तात्यांना हे बोलला का नाहीत? गावभर तुम्हाला लबाड ठरवलं त्यांनी."

"लबाड म्हटलेलं चाललं," मास्तर म्हणाले. "इथे अर्धं गाव उरलेल्या अर्ध्याला लबाड म्हणतं. पण मास्तरला येत नाही, असं एकाने जरी म्हटलं असतं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

थोरलीने त्यांना दवाखान्यातली गोष्ट सांगितली. मास्तर लक्ष देऊन ऐकत होते. "दुसऱ्या दिवशी परत गेलीस," ते शेवटी म्हणाले. "तुला विचारायला ती म्हातारी होती. मी कुणाला विचारायचं होतं?"

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"खुंटाला काय म्हणतात?" मास्तरांनी विचारलं.

"रूटस्टॉक."

त्यांनी खिशातून पेन काढलं, स्पेलिंग विचारलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतलं. दोनदा म्हणून बघितलं. मग म्हणाले, "तात्यांना तू काही सांगू नकोस. मी येतो."

ते संध्याकाळच्या आत आले. तात्या पिशव्या भरत होते. मास्तर वाफ्याच्या कडेला उभे राहिले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "त्या दिवशी मला शब्द आला नाही."

तात्यांनी वर पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच."

"अहो, मला तर एकही येत नाही," तात्या म्हणाले. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली. "मी तुमच्याबद्दल नको नको ते बोललो, मास्तर."

"ऐकलं मी."

"तुमचं दार चुकवायला वर्षभर ओढ्याकडून जातोय. गुडघे गेले माझे." त्यांनी पालथी टोपली मास्तरांकडे सरकवली. "बसा. सुनबाई, चहा टाक."

आठ दिवसांनी खरेदीवाली बाई पुन्हा त्या भागात येणार होती. थोरलीने तिला स्वतः पत्र लिहिलं. मास्तरांनी त्यातला स्वल्पविराम तेवढा बदलला. बाई आली. या वेळी पाच माणसं वाफ्यात उभी होती आणि सहावे मास्तर टोपलीवर बसले होते.

तात्या बोलू लागले आणि थोरली सांगू लागली. रानातलं बी, आजोबांचा शोध, गरम वारा. तात्यांना थांबायची सवय नव्हती, ती त्यांच्या दंडाला हात लावून त्यांना थांबवायची. बाई लिहीत होती. "मधल्या दोन ओळी देणार नाही," तात्या मधेच म्हणाले. "त्या सुनेच्या हातच्या आहेत, अजून कच्च्या आहेत." धाकट्याने बहिणीकडे पाहिलं. हे गाळ, असं त्याचे डोळे म्हणत होते. थोरलीने तेही सांगितलं. बाईने मान वर केली, तात्यांकडे नीट बघितलं आणि पुन्हा लिहू लागली.

मग तिने एक प्रश्न विचारला. त्यातला मुळांबद्दलचा एक शब्द थोरलीच्या ओळखीचा नव्हता. तिच्या तळहाताला जुना घाम आला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, मास्तर तर टोपलीवरून पुढे झुकले होते.

"हा शब्द मला येत नाही," ती बाईला इंग्रजीत म्हणाली, आणि मग मास्तरांनाही कळावं म्हणून तेच आपल्या भाषेत म्हणाली. "दाखवाल का?"

बाईने वही बंद केली. ती स्वच्छ कपड्यांनिशी मातीत गुडघ्यांवर बसली, एक पिशवी फाडली आणि मुळांचा गोळा बोटांनी हलकेच सोडवू लागली. तात्याही खाली बसले. तिने एक वळलेलं मूळ दाखवलं. तात्यांनी मान हलवली, दुसरी पिशवी फाडली, त्यातलं सरळ उतरलेलं मूळ तळहातावर धरलं. तिने ते निरखलं. तिने बोटाने विळखा काढून दाखवला, तात्यांनी मुळं वळू नयेत म्हणून पिशवीच्या बुडाला पाडलेली भोकं मोजून दाखवली. दोघांची डोकी जवळजवळ टेकली होती.

"अगं, तिला सांग," तात्या म्हणाले आणि थांबले. बाई भोकांत बोट घालून बघत होती. "राहू दे. कळलं तिला."